वरणाचे पाणी, मोटारीचे पाणी

मु. केशोरी, तहसील साकोली, जिल्हा भंडारा
ता. १९ मे १९५७

आदरणीय नंदलाल भाऊजींच्या पायांशी केशोरीहून उदारामाचे डोके टेकले आहे. ते टेकलेलेच आहे असे समजून पुढचे वाचावे, कारण पत्र लांब आहे आणि एवढा वेळ वाकून माझ्याने राहवणार नाही. आम्ही सगळे बरे आहोत. तुमचा डावा गुडघा थंडीत दुखायचा, तो उन्हाळ्यात तरी तुमचे ऐकत असेल. सुमित्राताईचे डोके दुखणे कसे आहे ते कळवावे. मुलांच्या परीक्षा आटोपल्या असतील. (मोठा आता कितवीत, हे मी प्रेमिलेला विचारले. ती म्हणाली, पत्रातच विचारा. म्हणून विचारतो आहे.) इकडे मोह वेचून झाला, तेंदूची पाने तोडणे चालू आहे, आणि ऊन असे आहे की दुपारी कावळासुद्धा उडत नाही, चालत जाऊन सावली बदलतो.

पत्राचे कारण मोटार. तीन वर्षांपूर्वी तुम्ही स्वतः चालवत आणून आमच्या अंगणात उभी केलीत तीच, १९२८ सालची, कापडी टपाची. तुमच्या ठेकेदारसाहेबांनी नवी घेतली म्हणून ती तुमच्याकडे आली आणि तुमच्याकडे ठेवायला जागा नाही म्हणून आमच्याकडे. तिच्याविषयी तक्रारीचे एक अक्षर मी लिहिणार नाही. उलट, तिच्या रेडिएटरच्या टोपणावर जी काचेची नळी आहे, आतले पाणी तापले की जिच्यात लाल रेघ वर चढते, ती पाहायला आमच्याकडे अजून आजूबाजूच्या गावांतून माणसे येतात. माणसाला ताप आला तर वैद्याला नाडी धरावी लागते. ही मोटार आपला ताप आपल्याच कपाळावर लावून हिंडते. तीन वर्षे झाली, तरी रोज सकाळी मी त्या नळीकडे पाहतो आणि ज्याने कोणी ती बसवली त्याला मनातल्या मनात हात जोडतो.

फक्त ती रेघ चढायची घाई करत असे. तीन मैल झाले की नळीच्या वरच्या टोकाला जाऊन बसायची, आणि मग टोपणाखालून वाफ, शिट्टी आणि थांबणे. आम्हाला त्याचे काही वाटत नसे, कारण आमचे शेत दोन मैलांवर आहे. शेतापर्यंत जायचे, मोटार निवू द्यायची, परत यायचे. या हिशेबाने मोटार अगदी निर्दोष होती.

पंचाईत झाली ती आईच्या डोळ्यांमुळे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आधी सुईत दोरा जाईना, मग तांदळातले खडे दिसेनात, आणि यंदाच्या संक्रांतीपासून समोर उभा असलेला माणूस बोलेपर्यंत तिला ओळखू येत नसे. (मला मात्र मी बोलायच्या आधी ओळखायची. विचारले तर म्हणे, तुझ्या चपला घासतात.) मार्च महिन्यात बातमी आली की गोंदियाच्या एका धर्मशाळेत नागपूरचे मोठे डॉक्टर डोळे उघडून देण्यासाठी येणार आहेत, फक्त दोन दिवस, सव्वीस आणि सत्तावीस. पहिल्या दिवशी सकाळी नाव नोंदवेल त्याचेच ऑपरेशन. पुढचा कॅम्प कधी, ते कोणाला ठाऊक नाही. अर्जुनीहून गोंदियाला रेल्वे जाते हे मलाही माहीत आहे आणि गावातल्या प्रत्येकाने मला ते पुन्हा सांगितले. पण मी आधीच पारावर सांगून बसलो होतो की माझी आई गोंदियाला जाईल ती घरच्या मोटारीने. आईला विचारले तर म्हणाली, "ज्याले दिसतच नाही त्याले काय, रेल का मोटार. तू मले नेऊन राहिला एवढं मले पुरे."

गोंदिया इथून पन्नासेक मैल. आणि मोटारीची मजल तीन.

मग मी सुखरामला बोलावले. तुम्हाला तो आठवत नसेल. तो आमच्या शेजारचा. लढाईत आसामकडे पलटणीच्या लॉऱ्या चालवल्या, आता माझ्याबरोबर शेत करतो आणि आपली मोटार तोच चालवतो. त्याने टोपण उघडून आत पाहिले, नाक लावून वास घेतला आणि निदान केले की मोटार चांगली आहे, पाणी वाईट आहे, बदलावे लागेल. पाणीसुद्धा चांगले-वाईट असते हे मला माहीत होते, पण ते पिणाऱ्यासाठी. लोखंडालाही त्याची आवडनिवड असते हे मी प्रथमच ऐकले. दुसऱ्या दिवशी सुखरामने घरून एक डबा आणला. आसामातून येताना पेटीच्या तळाशी घालून आणलेला, बारा वर्षे जपलेला. डब्यावर इंग्रजी अक्षरे, त्यातली अर्धी गंजाने खाल्लेली. मी चार इयत्ता इंग्रजी शिकलेला असल्याने गावाच्या वतीने वाचायला बसलो. जे लागले ते असे, की हा द्रव रेडिएटरात घातला असता बर्फाच्या चाळीस अंश खालच्या थंडीतही गोठत नाही.

भाऊजी, मी ते वाक्य मोठ्याने वाचले तेव्हा अंगणात तीस-चाळीस माणसे असतील. आमच्यापैकी बर्फ पाहिलेले दोघेच, तोही गोंदियाच्या बाजारात भुशात गुंडाळलेला. आणि इथे डब्यात असे पाणी होते की जे पहाडावरच्या बर्फालासुद्धा बधत नाही. सुखरामने ते काचेच्या ग्लासात ओतून दाखवले. हिरवे होते, पोपटाच्या पंखासारखे, आणि तेलासारखे जाड. बिसराम पाटलांनी पागोटे काढून ते पाहिले. (मार्चचे ऊन होते आणि आम्ही सगळे घामाने भिजलेलो होतो, हे त्या वेळी कोणाच्या लक्षात आले नाही. थंडीत न गोठणारे पाणी आम्हाला कशासाठी हवे, हा प्रश्न फक्त प्रेमिलेने विचारला, आणि ती बाईमाणूस म्हणून कोणी तिला उत्तर दिले नाही.)

जुने पाणी खालच्या तोटीतून सोडले आणि हिरवे भरले. किती भरायचे ते गंजाने खाल्लेल्या भागात लिहिलेले असावे. सुखरामला आठवत होते की आसामात त्यात निम्मे पाणी मिसळत. पण मी म्हटले, एवढे पलटणीचे औषध, त्याला पाणी घालून पातळ कशाला करायचे. होते तेवढे घातले. मोटार सुरू केली आणि आम्ही सगळे लाल रेघेकडे पाहत उभे राहिलो. रेघ चढेना. मी आणि सुखराम रस्त्याला लागलो, एक मैल, दोन मैल, तीन मैल, रेघ मधोमध. चौथ्या मैलाला मी सुखरामचा खांदा धरला. साडेचारव्या मैलाला रेघ एका दमात टोकाला गेली आणि एंजिनाचा आवाज बदलला. पाण्याची मोटार उकळली की निदान शिट्टी तरी वाजवते. ही नुसतीच आतून तापत गेली.

ढकलत घरी आणली. सकाळी पाहतो तर मोटारीखाली हिरवे थारोळे. ज्या सांध्यांतून तीन वर्षांत पाण्याचा थेंब बाहेर आला नव्हता, तिथून ते हिरवे निघाले होते. इतके घुसखोर पाणी मी पाहिले नाही. आणि त्या थारोळ्याजवळ आमची शेळी मान खाली घालून उभी. सुखराम कुंपणापलीकडून ओरडला, ते गोड असते, पलटणीतला कुत्रा ते चाटून मेला होता. प्रेमिला चुलीपाशी होती. ती हातात जळते लाकूड तसेच घेऊन धावली, शेळीला हाकलले, आणि चुलीतली राख, अंगणातली माती, हाती लागेल ते त्या हिरव्यावर टाकून वर पाटा उलटा घातला. शेळी वाचली. प्रेमिलेने डब्याच्या तळाशी राहिलेले हिरवेही खड्ड्यात ओतून खड्डा बुजवला, मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "आता दुसरं काय पाजून राहिले तिले, ते मले आधी सांगत जा." चार पोरे अंगणात खेळतात, भाऊजी, आणि आदल्या दिवशी मी ते ग्लासात ओतून दाखवायला लावले होते.

तरी गळती राहिलीच. पाणी घातले की बाहेर. यावर सुखरामने पलटणीतला दुसरा उपाय सांगितला, हळद. मला वाटले, लेप द्यायचा. तर तसे नाही, पूड रेडिएटरात टाकायची, ती पाण्याबरोबर फिरते आणि जिथे भोक असेल तिथे जाऊन बसते. मी पावशेर हळद टाकली. आणि ऐका, गळती खरोखर थांबली. कणीएवढे भोक शोधून हळदीने तिथे जाऊन बसावे आणि दुसरीकडे बसू नये, हे कोण तिला सांगते? (दुसरीकडेही बसते, हे पुढे कळले.) मोटारीला मात्र तेव्हापासून कढीचा वास येऊ लागला.

चोवीस तारीख झाली होती. पंचवीसला पहाटेच निघायचे ठरवले, म्हणजे दर तीन मैलांना थांबलो तरी दिवे लागेपर्यंत गोंदिया. रेडिएटर आमच्या घरच्या विहिरीच्या पाण्याने भरला, आणखी चार घागरी मागच्या बाजूला बांधल्या. आई मागे बसली, शेजारी प्रेमिला. पुढे सुखराम आणि मी. मोटार निघाल्यावर आईने टपाच्या दांडीला दोन्ही हातांनी धरले आणि विचारले, "तो लाल धागा कुठं हाय आता?" मी सांगितले, खाली आहे. मग तिने दर पाच मिनिटांनी विचारायला सुरुवात केली. दिसत नसल्यामुळे तिने तो धागा मनात पक्का धरून ठेवला होता. मी सांगायच्या आधी म्हणायची, "चढून राहिला वाटते, आवाज जड झाला." आणि पाहावे तर चढलेला असायचा.

पहिल्या थांब्याला सुखराम टोपणाला फडके लावून हळूच सैल करत होता. मी मदत करायला वाकलो, आणि टोपण उडाले. भाजलो नाही, देवाची कृपा, वाफ बाजूने गेली. पण हळदीचे पाणी माझ्या धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर, धोतरावर आणि मिशीवर. तसाच पिवळा होऊन पुढे निघालो. नवेगावला तलावाच्या पाळीवर पाणी भरायला थांबलो तेव्हा दोन बायकांनी प्रेमिलेला विचारले की नवरदेव एवढा वयस्कर कसा. प्रेमिला त्यांना काय म्हणाली ते मला अजून कळलेले नाही. पण तिघी हसल्या.

घागरी संपल्या. तलावावर भरून घेतलेले पाणीही संपले. नवेगाव सोडून कोहमाऱ्याच्या अलीकडे एका टोलीपाशी, आठ-दहा घरे आणि मोठे चिंचेचे झाड, तिथे मोटार थांबली ती थांबलीच. आता तीन मैलही नाही, अर्ध्या मैलात रेघ टोकाला. अजून तीस मैल बाकी. सूर्य डोक्यावर आलेला. रस्त्यावर ना लॉरी, ना बंडी. सुखराम मोटारीपुढे उकिडवा बसला आणि प्रथमच माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मालक, आता मले समजून नाही राहिलं." मी रेल्वेचा विचार केला. अर्जुनी मागे राहिली होती, आणि त्या दिवसाची गाडीही गेली असणार. पारावर बोललेले एकेक वाक्य मला आठवले. आईला जन्मभर दिसणार नाही आणि ते माझ्या मोटारीच्या हौसेपायी, हा विचार एकदा मनात आला, तो जाईना. मी चिंचेखाली जाऊन दुसरीकडे तोंड करून उभा राहिलो.

चिंचेच्या जवळच्या घरातून गीताबाई नावाची बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. आईने एक घोट घेतला, तोंडात फिरवला, आणि विचारले, "बाई, तुमच्या या पान्यात वरन लवकर शिजते का?" मला वाटले, भूक लागली असेल. गीताबाई म्हणाली, "शिजते नं. आमच्या दोन विहिरी हायेत. मारुतीपाशीची गोडी. खालची खारी, त्या पान्यात वरनाची दार दिवसभर ठेवा, टनकच राहते." आई म्हणाली, "आमच्या घरच्या विहिरीचंही तसंच हाय." मग तिने मला हाक मारली आणि म्हणाली, मला मोटारीच्या तोंडापाशी ने.

मोटार निवली होती. मी तिचा हात धरून नेले. तिने बोटाने रेडिएटरचे तोंड चाचपले, बोट आत घातले, खरवडले, बोटाला लागलेला पांढरा पापुद्रा अंगठ्याने चुरला आणि जिभेला लावला. चाळीस वर्षे चुलीपुढे बसलेल्या बाईला जे समजते ते तिला त्या एका बोटाने समजले. "हे तं न्हानीतल्या हंड्यासारखं झालं रे. पानी तापवून तापवून पापडी धरली. वरून तू हळदीचा लगदा घातला. जायला वाट कुठं हाय पान्याले?" मग थोड्या वेळाने, "हंड्याले काय लावतो आपन?"

हे ती मला विचारत नव्हती. प्रेमिलेने उत्तर दिले, "चिंच."

आणि मग प्रेमिला माझ्याकडे वळून म्हणाली, घरात वरणासाठी रोज ती देवळाच्या विहिरीचे पाणी आणते, अर्धा मैल, डोक्यावर. अंगणातले खारे पाणी फक्त भांड्यांना आणि मोटारीला. "तुमीच तं म्हनलं होतं, यंत्राले काय समजते." मी असे म्हणालो होतो. तीन वर्षांपूर्वी, तुम्ही मोटार देऊन गेलात त्याच आठवड्यात.

आम्ही चिंचेच्याच झाडाखाली उभे होतो. गीताबाईने घरातली चार पायली फोडलेली चिंच काढून दिली. मोठ्या पातेल्यात उकळून, फडक्यातून गाळून (शिरा राहिल्या तर त्याही आत अडकतील, हे आईने सांगितले, सुखरामने नव्हे) ते तांबडे आंबट पाणी आम्ही रेडिएटरात भरले. आईने आधी विचारून घेतले, "एंजिन पुरतं निवलं ना? तापल्या भांड्यात गार ओतशीन तं फुटन." सुखराम पलटणीतला माणूस, त्याने उभे राहून "होय, माय" म्हटले, जसे तो साहेबाला म्हणत असेल. मग एंजिन सुरू ठेवले, थोडे तापू दिले, बंद केले, अर्धा तास तसेच राहू दिले. तोटी उघडली. आतून जे आले ते पाणी नव्हते. पिवळा चिखल, त्यात अंड्याच्या टरफलासारखे पापुद्रे. पुन्हा चिंच, पुन्हा तोच चिखल. तिसऱ्यांदा नुसते चिंचेचे पाणी बाहेर आले. मग मारुतीच्या विहिरीचे गोडे पाणी घालून, चालवून, सोडून, असे चार वेळा धुतले. आई बाजेवर बसून प्रत्येक वेळी ओंजळीत धरून चाखायची आणि आंबट आहे म्हणून परत पाठवायची. (मी म्हटले, माय, थुंकत जा. ती म्हणाली, मी थुंकूनच राहिली, तुले दिसत नाही का.) गळती मात्र पुन्हा सुरू झाली नाही. त्या बारीक भोकांवर बसलेली हळद तशीच राहिली, जिथे राहायला हवी तिथेच. हे कसे झाले हे मला अजून समजलेले नाही, सुखरामला नाही आणि आईलाही नाही. आई म्हणते, तेवढे देवाचे.

चार वाजता गोड्या पाण्याने भरलेला रेडिएटर आणि मागे गोड्या पाण्याच्या चार घागरी घेऊन निघालो. पहिले तीन मैल झाले. आईने विचारले, "धागा?" मी म्हटले, खाली आहे. पाच मैल. खाली आहे. कोहमाऱ्याचा फाटा गेला. गोरेगाव गेले. रेघ नळीच्या निम्म्यावर येऊन थांबली होती आणि जशी काय तिथे खिळ्याने ठोकली होती. भाऊजी, मी देवळात जातो, नागऱ्याच्या शंकराला दोनदा जाऊन आलो आहे, पण मला त्या संध्याकाळी जसे वाटले तसे कधी वाटले नव्हते. समोर पत्रा, पितळ, काच, लोखंड. आत कोणा न पाहिलेल्या माणसाचे डोके. आणि हे सगळे ज्या पाण्यावर अडले होते ते पाणी ओळखणारी बाई मागे बसलेली, जिला स्वतःचा हात दिसत नव्हता. मी मागे वळून तिच्याकडे पाहत राहिलो. ती म्हणाली, "पुढं पाय. मांग कायले पायतो?" मी अजून बोललेलोही नव्हतो.

दिवे लागायच्या सुमाराला गोंदिया. सव्वीसला सकाळी नाव नोंदले, नंबर एकोणीस. दुपारी एका डोळ्याचे ऑपरेशन झाले, दुसऱ्याचे पुढे कधीतरी. डॉक्टर दहा मिनिटांत बाहेर आले आणि हात धूत म्हणाले, ठीक आहे. मी धर्मशाळेच्या पायरीवर बसून घेतले.

आता मोटार बरी आहे. तिला फक्त देवळाच्या विहिरीचे पाणी मिळते, पावसाळ्यात कौलांचे धरून ठेवणार आहोत. ते प्रेमिलाच आणते आणि वरणाच्या घागरीतले देत नाही, मोटारीची घागर वेगळी. दोन घागरी मीही आणतो. गाव हसून थकले. ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. चुकले-माकले पोटात घालावे आणि पोट बरे नसेल तर बाजूला ठेवावे.

तुमचा
उदाराम

ता. क. मोटारीविषयी एवढे चांगले लिहिले म्हणून खरे तेही लिहितो. आईचा डोळा दहा दिवस बांधून ठेवला होता आणि डॉक्टरांनी धक्का लागू देऊ नका म्हटले, म्हणून परत येताना आम्ही रेल्वेने आलो. सुखरामने मोटार रिकामी आणली. लाल रेघ निम्म्याच्या वर गेली नाही. वाटेत मागचे चाक निघून धानाच्या बांधीत गेले, पण पाण्याचा त्यात काही दोष नव्हता.

ता. क. आणखी. आईचा चष्मा आठ दिवसांपूर्वी आला. जाड आहे, फार जाड. तो घालून तिने पहिल्यांदा सगळ्या घराला एक फेरी मारली. मला म्हणाली, "तू बुढा झाला रे." प्रेमिलेला जवळ ओढून तिचा चेहरा पाहिला आणि म्हणाली, "इतकी वाळून काऊन गेली वो तू?" आणि त्या दिवशीपासून वरणाची घागरही मलाच आणावी लागते. पोरांना एकेकाला समोर उभे केले. मग बाजेवर बसली. नंतर विचारले, "सुमित्राचं तोंड आता कसं झालं असन?" तीन वर्षे झाली. तुम्ही मोटार घेऊन आलात त्या दिवशी आई अंगणात सगळ्यांसमोर म्हणाली होती, की जावयाने आपल्या दारचे भंगार आणून सासुरवाडीच्या दारात टाकले. तुम्ही वाढलेल्या ताटावरून उठलात, ताईही उठली, आणि तेव्हापासून ना तुमचे पत्र, ना माझे. चूक आमची. पत्र मी आधीच लिहायला हवे होते. खरे तर हे पत्र लिहायला घेतले ते एवढ्यासाठीच, मधले सगळे मोटारीवर निघून गेले. ताईला पाठवा. आणि तुम्हीही या. अर्जुनी स्टेशनवर मी बैलबंडी घेऊन उभा राहीन.

ता. क. शेवटचे. हे पत्र मी आईला वाचून दाखवले. मोटार, डबा, हळद, चिंच सगळे शांतपणे ऐकले. वरचा मजकूर आला तेव्हा चष्मा काढून पदराने पुसायला लागली. मग म्हणाली, "जावयाले एवढं लिव, का मले तवा दिसत नव्हतं." मोतीबिंदू त्यानंतर वर्षाने आला, भाऊजी. त्या दिवशी तिला चांगले दिसत होते. पण तिने लिहायला सांगितले, म्हणून लिहिले आहे.